राजूरच्या माळावरचं तारकाघड्याळ

"मुलींची तिथे सोय नाही," असं सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगरहून नाशिकची एस.टी. पकडली. घाई होती. सोमवारी आमची सूची टाइप करायला जाणार होती आणि माझा एक स्रोत त्यातून गळला होता.

आमचा विभाग आकाशातल्या रेडिओ स्रोतांची सूची करतो आहे. राजूरजवळच्या माळावर लाकडी खांबांवर तारा ताणल्या आहेत. दूरच्या एखाद्या दीर्घिकेच्या रेडिओ लहरी त्यांच्यात पकडल्या गेल्या, की खोलीतल्या यंत्राचं पेन कागदावर एक टेकडी काढतं. त्या कागदांची भेंडोळी पुण्याला येतात. मी टेकड्या मोजते, वेळा लिहिते. आकाशाची फेरी आपल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी पुरी होते, म्हणून तिथे वेगळं तारकाघड्याळ आहे. ते साध्या घड्याळाच्या रोज चार मिनिटं पुढे जातं. आकाशातली वस्तू त्यावर रोज त्याच वेळी येते. वेळ चुकवणारी टेकडी जमिनीवरची समजायची आणि खोडायची.

माझी टेकडी लहान, पण सुरेख होती, अगदी घंटेसारखी. ती वेळ चुकवत होती, रोज चार मिनिटं लवकर येत होती. चारच का? पाच का नाही? सर म्हणाले, "घड्याळ ठीक आहे. रात्रीचे सगळे स्रोत वेळेवर येतात. तुझा दुपारचा एकच बेशिस्त आहे." माझं समाधान झालं नाही. झोप लागेना, जेवण जाईना.

जाणाऱ्यांसाठी सांगते: संगमनेरला उतरून अकोल्याची गाडी धरावी (हे माझ्या गावाच्या जिल्ह्यातलं अकोले, वऱ्हाडातलं नव्हे). स्टँडवरची मिसळ बरी, चहा फार गोड. भंडारदऱ्याची गाडी मिळाली तर थेट राजूरला सोडते, पण तिची वाट पाहत बसू नये. नारायणगावच्या पुढे शेतं बघवत नव्हती. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळलेली, रस्त्याकडेला बायका खडी फोडत बसलेल्या. अकोल्याच्या वर जरा हिरवं लागलं.

राजूरच्या गाडीत कंडक्टरनं चौकशी केली. "राजूरला कोन हाय तुमचं?"

"कोणी नाही. काम आहे."

"मास्तरीन का?"

"नाही. आकाशाचं काम आहे."

"मंग टपावर बसा की, जवळ पडंल!" सगळी गाडी हसली. मागची एक म्हातारी म्हणाली, "हसू नगा रे, लेक एकली निघालीया." तिनं मला सरकून जागा दिली आणि राजूर येईपर्यंत लग्नाचं विचारत राहिली.

राजूरचा पेढा घ्यावाच. मी पाव किलो घेतला तो वाटेतच निम्मा संपवला, मन थाऱ्यावर नव्हतं. गावाबाहेर अर्ध्या तासाची चढण चढून माळावर पोचले. चारी बाजूंनी डोंगर, शहराची विजेची कुरकुर ते इथे येऊ देत नाहीत. आमच्या चाळीच्या खोलीपेक्षाही लहान अशी पत्र्याची खोली. दाराशी दिवसपाळीचा किसन उभा होता. घटस्थापनेला दिवसपाळी सुरू झाली तेव्हापासून कामावर असलेला, मॅट्रिक झालेला, नीटनेटका माणूस.

मी आधी भिंतीकडे पाहिलं. तारकाघड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होतं. या दिवसांत ते दोन तास पुढे असायला हवं होतं.

"किसनभाऊ, घड्याळाला कोणी हात लावतं का?"

"व्हय, मीच लावतो की," तो अभिमानानं म्हणाला. "लई नाठाळ घड्याळ हाय, ताई. रोज पुढं पळतंय. आलो तवा चार मिन्टं हुतं, आता दोन तासाव गेलंय. मी रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर बरूबर लावतो. एक दिस चुकवला न्हाई."

मला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात रात्रपाळीचे वामनराव डबा घेऊन आले. साठीच्या घरातले, धोतर नेसलेले. आत येऊन त्यांनी खिशातून तारकावेळेचा तक्ता काढला, स्टुलावर चढले आणि काटे दोन तास पुढे केले.

किसन बघतच राहिला. "वामनराव, तुमी पुढं करता व्हय?"

"मग काय करू? रोज संध्याकाळी मागे पडलेलं असतं. मला वाटलं, उन्हानं पत्रा तापतो, त्यानं होत असेल."

"पण मग एकमेकांना विचारलं का नाही?" मी म्हणाले.

किसन म्हणाला, "घड्याळ त्यांच्या ताब्यातलं. मोठ्या मान्साला तुमचं घड्याळ बिघडलंय असं कसं म्हनायचं?"

"आणि मी म्हटलं," वामनराव स्टुलावरून उतरत म्हणाले, "पोरगा नवा आहे, उगाच त्याच्यावर बालंट नको."

तर अशी ही भलेपणाची भानगड. महिनाभर दिवसाची भेंडोळी साध्या वेळेवर आणि रात्रीची ताऱ्यांच्या वेळेवर. मी बरोबर आणलेले दुपारचे कागद काढून वेळा दुरुस्त करत गेले. माझी टेकडी एकाच जागी येऊन उभी राहिली. आकाशातलीच होती ती! मी बाहेर येऊन माळावर नुसती फेऱ्या मारत राहिले.

मुक्काम किसनच्या घरी. त्याच्या बायकोनं, हिराबाईनं, नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. तोंडात घास असतानाच मला दुसरी बाजू सुचली. घड्याळ साधं चालत होतं, तर त्या महिन्यात दुपारी वेळ न चुकवता आलेली टेकडी आकाशातली कशी असेल? अशी एक होती. रोज दोनला येणारी, ठसठशीत, जरा बेढब. सरांची लाडकी. तिच्याबद्दल ते दोन ठिकाणी बोलूनही आले होते.

"वहिनी, इथे रोज दुपारी दोनला काय असतं?"

"काय असनार? गिरनी चालू हुती. तवाच लाइट दमदार आसती."

दुसऱ्या दिवशी दोनला मी पेनाजवळ उभी राहिले. खालून गावातून गिरणीची घरघर आली आणि पेनानं उडी मारली. सरांचा स्रोत दळण दळत होता.

परतीची गाडी खच्चून भरलेली. मी संगमनेरपर्यंत उभी होते, आणि बसायला मिळालं असतं तरी बसवलं नसतं.

पुण्यात सरांनी सगळं ऐकून घेतलं. सूचीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "तुझा स्रोत घेऊ. तो दुसरा सध्या राहू दे. एक जास्तीचा राहिला तर बिघडत नाही."

"घड्याळ एकच आहे, सर. माझा घेतला तर तो जायला हवा. तो ठेवायचा असेल तर माझाही गाळा."

सरांनी पेन्सिल घेतली. गिरणी खोडली. मग माझ्या स्रोतावरही रेघ मारली. "महिन्याभराच्या दुरुस्त केलेल्या वेळांवर मी काही छापणार नाही. पुढच्या हंगामात बरोबर घड्याळावर दिसला तर घेऊ. मघाशी मी बोललो ते चूक होतं." मला राग आला. त्यांचं म्हणणं योग्य होतं म्हणून जास्तच आला.

रविवारी देवळाली प्रवराला घरी गेले. उरलेले पेढे आईनं देवापुढे ठेवले. माझे वडील, नाना, साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून ते माझ्या कामाचं खोदून खोदून विचारतात.

"म्हंजी एवढं जाऊन आलीस, आन् खोडलं?"

"खोडलं. पण आहे ते, नाना. वर आहे."

"पुढल्या साली दुसरं कुनीबी बघंल त्याला."

"दुसरं कुणी नाही. मी राजूरला दिवसपाळीसाठी अर्ज दिलाय. किसनभाऊंनाही ठेवणार आहेत, चोवीस तासांना तीन माणसं लागतात."

आईचा हात चुलीशी थांबला. "बाईमानूस कुठं ऱ्हानार तिथं?"

"हिराबाईच्या पडवीत. तिला विचारूनच आलेय," मी म्हणाले.