खुरपं रोवून ठेवलेली पात

मंदाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी तुरीची डाळ निवडत होते. मंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची बायको. "ताई, हे राहिले नाहीत," एवढंच ती म्हणाली. आणि मी काय विचारावं? "कोणत्या डोंगरात?" ती म्हणाली, "डोंगरात नाही ताई, घरीच. सांबाराच्या जुड्या बांधून राह्यले होते, तसेच कलंडले." दहा-अकरा वर्षं ज्या फोनची मी धास्ती घेतली होती तो शेवटी आला, पण अकोल्यातल्या जठारपेठेतून आला. दिगू या वर्षी डोंगरात गेलाच नव्हता. त्याला मीच अडवलं होतं. हे पक्कं ठाऊक असूनही माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला. या गोष्टीला आता दीड महिना झाला, आणि माझं डोकं अजून त्या प्रश्नाशीच अडलेलं आहे.

दिगू भाजीवाला. मूर्तिजापूरजवळ आमची थोडी काळी जमीन, वडील तिथे वांगी, गवार, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे, आणि दिगूने पुढे अकोल्यात दुकान टाकलं. वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षापर्यंत या माणसाने चिखलदऱ्यापलीकडचा डोंगर पाहिला नव्हता. मग एका वर्षी कुणा गिऱ्हाइकाच्या नादाने हिमालयात जाऊन आला, आणि दुसऱ्या वर्षापासून एकटाच जायला लागला. पाठीवर तंबू, छोटी शेगडी, डाळ-तांदूळ. पश्चिमेकडून पूर्वेकडे, एक खिंड झाली की दुसरी, असे वीस-बावीस दिवस चालायचं. दिवस संपतील तिथे थांबायचं आणि पुढच्या वर्षी बरोबर तिथूनच पुढे निघायचं. निघण्याआधी भाजीच्या काट्यावर सॅक ठेवून जोखायचा. वजन कमी व्हावं म्हणून दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापला होता या शहाण्याने, आणि वर माझ्या ज्वारीच्या दशम्या मात्र किलोभर न्यायचा. विचारलं तर म्हणायचा, "त्याचं वजन धरत नसतेत, ताई." कशासाठी जातोस, याचं उत्तर त्याने प्रत्येकाला वेगळं दिलं. मंदाला सांगितलं, गुडघे चांगले राहतात. मुलाला सांगितलं, हवा चांगली असते. मला एकदा म्हणाला, "तिथं मले कोणी भाव इचारत नाही." तिन्ही खरी असतील, किंवा एकही नसेल. मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला कळायची, कारण ती आमच्या वावरातली होती. निंदणाला बसलं की प्रत्येकाची आपली पात असते, म्हणजे निंदत पुढे जायची आपापली ओळ. दिवस बुडाला आणि पात अर्धी राहिली तर आई आम्हाला तिथेच मातीत खुरपं रोवून ठेवायला लावायची. दुसऱ्या दिवशी आपण तिथूनच सुरू करायचं, आणि रोवलेल्या खुरप्याच्या पातीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही. तिचा आणखी एक दंडक होता. ज्याची पात आधी संपेल त्याने बांधावर बसून पाणी प्यायचं नाही, मागे राहिलेल्याची पात काढू लागायची. दिगू लहान, त्यामुळे मागे नेहमी तोच. त्याच्या किती पाती मी काढून दिल्या, त्याला गणती नाही. तर हा बाबा डोंगरातही तेच करायचा. ज्या गावात त्या वर्षीची चाल संपायची तिथल्या एखाद्या घरी आपली काठी ठेवून यायचा आणि पुढच्या वर्षी तीच काठी घेऊन निघायचा. परत आला की मला फोन. "ताई, खुरपं रोवून आलो." मागच्या वर्षी ते उत्तराखंडातल्या एका गावात कमलादेवी नावाच्या बाईंच्या घरी रोवलं होतं.

निघताना तो आधी अमरावतीला माझ्याकडे यायचा. अकोल्याहून त्याला थेट गाडी धरता आली असती, पण माझ्या हातचं दही तळहातावर घेतल्याशिवाय तो निघत नसे. या वर्षीही आला. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला, चौकटीला हात लावून. दम लागला होता. हसत होता, पण बोलत नव्हता. दोन वर्षांमागे आमचे हे गेले तेव्हाही असंच, जिन्यापासून सुरू झालं होतं... मी दह्याची वाटी घेऊन बाहेर आले आणि तशीच उभी राहिले. म्हटलं, "दिगू, आवंदा मी दही देत नाही."

"काहून?"

"मले भेव वाटते. आधी डॉक्टरले दाखव."

मला वाटलं भांडेल. तो आत येऊन बसला. मग म्हणाला, "बरं. मंग भातावर दे." दोनदा मागून घेऊन दहीभात खाल्ला, आणि दुपारच्या बसने अकोल्याला परत गेला. सॅक माझ्याकडेच राहिली. "राहू दे इथंच, दाखवून येतो," म्हणाला. डॉक्टरकडे तो गेला नाही. मीही फोनवर दोनदा विचारलं आणि मग सोडून दिलं. डोंगरात गेला नाही ना, मग झालं, असं मला वाटत राहिलं. त्यानंतर दोन महिन्यांनी मंदाचा तो फोन आला.

तेराव्याला मंदाने माझा हात धरला. "ताई, तुमच्यामुळं देह तरी हाती लागला. तिकडं काही झालं असतं तर आमी काय केलं असतं?" नातेवाईकही हेच म्हणत होते, देवानेच तुम्हाला बुद्धी दिली म्हणून. मी मान हलवत राहिले. पण मला सांगा, हा उपकार मी केला कुणावर? आमच्यावर केला, हे दिसतंच आहे. दिगूवर केला का? जाणारच होता तर त्याला कुठे जायला आवडलं असतं, हे मला माहीत आहे, आणि माहीत असून मी ते बोलत नाही. कधी वाटतं मी शहाणपणा केला. कधी वाटतं, शेवटचे दोन महिने मी त्याला दुकानात बसवून ठेवलं आणि त्याला काय हवं होतं ते एकदाही विचारलं नाही. मी सकाळी एका बाजूची असते, संध्याकाळी दुसऱ्या.

सॅकच्या वरच्या कप्प्यात एक चिठ्ठी सापडली. तिच्यावर कमलादेवींचा नंबर होता. कळवायला हवं म्हणून मागच्या आठवड्यात फोन केला. मी नाव सांगितलं, दिगंबरची बहीण.

"अच्छा, दही वाली बहनजी!" बाई खुशीत म्हणाल्या. मग त्याच बोलत सुटल्या. भाईसाब सांगत होते, मैं कहाँ आता हूँ, मुझे तो मेरी दीदी भेजती है. काठी दाराआड आहे म्हणाल्या, दोघा-तिघांनी मागितली, मी दिली नाही. आणि मग त्यांनी विचारलं, "इस बार भेजा नहीं आपने?"

"नहीं," मी म्हटलं. "इस बार मैंने नहीं भेजा."

"कोई बात नहीं. अगले साल भेजिए. लाठी कहाँ जाती है."

जे सांगायला फोन केला होता ते मी सांगितलं नाही. अजूनही नाही.

कशासाठी जातोस, याचं चौथं उत्तर मिळालं ते हे. दीदी भेजती है. हे त्याने मला का कधी सांगितलं नाही, तेही कळत नाही. सांगितलं असतं तर त्या दिवशी मी वाटी घेऊन तशी उभी राहिले असते का...

सॅक दाराजवळ आहे. झाडताना मी तिच्या भोवतीने झाडते. आईचे दोन्ही दंडक मला पाठ आहेत. खुरपं रोवलेल्या पातीत दुसऱ्याने बसायचं नाही, आणि मागे राहिलेल्याची पात काढू लागायची. दिगूच्या पातीला यातला कोणता लागतो, ते सांगायला आई नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि मला दोन जिन्यांचाही कंटाळा येतो. तरी काल ती सॅक पाठीवर घेऊन पाहिली. पट्टे ओढून माझ्या मापाचे केले, दारापर्यंत गेले. मग ते पुन्हा त्याच्या मापाला सैल करून ठेवले.