बँकेच्या दारातला आणि पडद्यावरचा

बँकेबाहेर दुनळी बंदूक घेऊन उभं राहण्यात थोरल्याचे केस पिकले. येणारे-जाणारे त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघत. आणि धाकटा? लहानपणापासून लोकांच्या नकला करत हिंडणारा धाकटा टीव्हीच्या मालिकेत इन्स्पेक्टर झाला, तर गल्लीतली पोरं त्याला सलाम ठोकू लागली!

संध्याकाळी मालिका लागली की बायको गॅसवरचं दूधसुद्धा विसरे. घरात सगळे चिडीचूप. तोंड चाले ते एकट्या थोरल्याचं.

"चापावर बोट ठेवून जिना चढतोय! ठेच लागली तर पुढच्या हवालदाराची पाठ गेलीच म्हणून समजा."

"अहो, ऐकू द्या ना."

"मघापासून ठो ठो चाललंय, काडतुसं काही संपत नाहीत. पिस्तूल आहे की अक्षय्य भाता?"

"तुमच्या का पोटात दुखतंय?" बायको म्हणाली. त्यावर आई खुदकन हसली. ते हसू त्याला जास्त झोंबलं.

एका रविवारी धाकटा घरी आला. "दादा, गोदामावर धाड घालायचा प्रसंग आहे. या वेळी हातात लांब बंदूक असणार. हा प्रसंग जमला तर नव्या मालिकेत मलाच नायक घेणार आहेत. शिकव ना मला. अगदी खरं खरं."

इतकी वर्षं टीव्हीला नावं ठेवताना एक गोष्ट थोरल्याला पक्की कळली होती. बंदूक खऱ्यासारखी धरली की माणूस दिसतच नाही. गाल दस्त्याला चिकटतो, अर्धं तोंड बंदुकीमागे जातं, उरलेलं अंग खांबाआड. नायकाचा तर चेहरा दिसायला हवा. म्हणजे खरं शिकवलं तर धाकटा तोंडावर आपटणार, आणि शिकवणाऱ्याला कोणी बोलही लावणार नाही.

तो आतल्या खोलीत देवापुढे जाऊन उभा राहिला. भावाचं वाईट मागायची छाती होईना, भलं मागायला जीभ वळेना. नुसतेच हात जोडून तो बाहेर आला आणि फरशी पुसायचा दांडा धाकट्याच्या हातात दिला.

"बोट चापाबाहेर. नळी जमिनीकडे. झाडताना दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, नाहीतर असा दणका बसेल की हात वर होणार नाही. खांब सोडायचा नाही. ओरडायचं नाही."

"पण दादा, मला तिथे दोन वाक्यं आहेत."

"गोळी झाडताना गप्पा मारतं का कोणी? गप्प राहा."

धाकट्याने शहाण्या पोरासारखी मान हलवली. थोरल्याच्या काळजात चर्र झालं, पण क्षणभरच.

तो भाग लागला त्या संध्याकाळी धाकटा खांबाआड सरकला, दस्त्याला गाल टेकवला आणि नुसता थांबला. संगीतही थांबलं. घरात कोणी श्वास घेईना. मग एकच बार झाला, आणि त्याचा खांदा मागे गेला.

"अगं बाई, काटा आला अंगावर!" दारातून डोकावणारी शेजारीण म्हणाली. आईने डोळ्यांना पदर लावला. "कसा उभा राहिलाय माझा लेक!"

कोणीतरी म्हणेल, अरे, हा तर थोरल्यासारखा उभा आहे! थोरला एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. कोणी म्हणालं नाही.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. "दादा, मिळालं नायकाचं काम! सगळे विचारत होते, कुठे शिकलास? मी म्हटलं, घरीच."

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगणार होतो रे, पण तेवढ्यात पुढच्या शॉटला बोलावलं."

दुसऱ्या दिवशी बँकेत नेहमी येणाऱ्या एक बाई थोरल्यासमोर थांबल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीपण ती मालिका बघता वाटतं? बंदूक अगदी त्या इन्स्पेक्टरसारखी धरलीय! छान जमलंय हं. तो फक्त जरा जास्त ताठ असतो."

तो माझा भाऊ, म्हणावं, तर कौतुक पुन्हा त्याचंच. मी शिकवलं, म्हणावं, तर या हसतील.

"बघतो कधीमधी," थोरला म्हणाला.

बाई आत गेल्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही इतपतच, जरा जास्त ताठ झाला.