मॅन्युअलबाईंच्या नावाची खूण

आमच्या ऑफिसात मॅन्युअल मोठ्याने वाचणारी एकच व्यक्ती होती. सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक ही काही मोठ्याने वाचायची गोष्ट नव्हे. खरं तर ती कोणी वाचायचीच गोष्ट नव्हे, असं आम्ही प्रोग्रॅमर लोक मानत होतो. पण रोज सकाळी हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या त्या तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना वरून आवाज यायचा, "आता डावीकडच्या यादीतून वॉर्ड निवडा. निवडला का गं शोभा?" शोभा म्हणजे आमच्याकडे चहा करणारी, मूळची नांदेडकडची. तिच्या एका हातात गाळणी असायची आणि दुसऱ्या हातात माऊस. वाचणाऱ्या बाईंचं नाव हजेरीत वेगळं होतं, पण ऑफिसात सगळे त्यांना मॅन्युअलबाई म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. रुग्णांची नोंद, औषधांची नोंद, असं सगळं. महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांचे दवाखाने ते वापरत, म्हणून त्याचं मराठी मॅन्युअल लागायचं आणि ते बाईंचं काम होतं. त्यांचा नियम साधा होता. शोभा जिथे अडेल तिथे वाक्य चुकलं. मग शोभाला काही समजावून सांगायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसतं थांबायचं. त्या पेन्सिल कानामागे खोचून, मान किंचित कलती करून तिच्याकडे बघत थांबायच्या. ते थांबणं मला आजही दिसतं.

त्या अंबरपेठच्या. बिदरकडची शेती सोडून आजोबा हैदराबादला आले, तेव्हापासूनच्या. मी पुण्याचा, म्हणून मला त्या 'पुणेकर' अशीच हाक मारायच्या. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि हुद्द्याने वर, पण बाईंना हुद्द्याशी कर्तव्य नव्हतं. "अहो पुणेकर, इतकं परेशान नक्को होऊ. बसा, चहा घ्या." एकदा मी त्यांची मराठी सुधारायला गेलो, तर म्हणाल्या, "तुमची मराठी इस्त्रीची हो. आमची रोज धुवायची."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे मॅन्युअलमधला 'तो'. आमच्या जुन्या मजकुरात डॉक्टर नेहमी तो, नर्स नेहमी ती, आणि सॉफ्टवेअर चालवणाराही तोच. बाई एका दुपारी शोभाला वाचून दाखवत होत्या, "डॉक्टरने त्याचा पासवर्ड टाकावा, मग त्याने रुग्ण निवडावा." शोभा म्हणाली, "बाई, ह्यातला डॉक्टर रोज दाढी करत असंल, नाही का? आमच्या गावच्या दवाखान्यात तर मॅडम हायती." बाईंनी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि चार शब्द लिहिले, 'पासवर्ड टाका. रुग्ण निवडा.' वाक्य निम्मं झालं आणि दाढीही गेली.

आम्ही त्यांची चेष्टा करायचो. एकाने विचारलं, "बाई, आपला प्रिंटर बाप्या आहे की बाई?" त्यांनी वरसुद्धा न बघता उत्तर दिलं, "कागद अडकवतो आणि विचारलं की गप्प बसतो. म्हणजे तुमच्यातलाच." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा ते मला लागलं नव्हतं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. तरुणपणी त्या आबिड्सला कॉम्प्युटरच्या वर्गाला जायच्या. वर्गात त्या एकट्याच बाई, आणि पुस्तकात पानोपानी 'तो'. "पुस्तकातला तो बटणं दाबायचा, वर्गातली पोरंही दाबायची. मी मागे उभी राहून बघायची. महिनाभर मला वाटलं, मी शिकायला नाही, बघायलाच आलेय. फीस मात्र पूर्ण भरलेली, हौ!" मग हसून म्हणाल्या, "म्हणून म्हणते, बाप्या-बाई काढा. पण माणूस काढू नका. कोण करतंय आणि कोणाला करतंय, ते दिसलं पाहिजे. आई असेल तर आई म्हणा, बाळ असेल तर बाळ म्हणा, नर्स असेल तर नर्स. ज्याला त्याला त्याच्या कामाने हाक मारा."

आता माझं सांगतो.

मॅन्युअलचं पान छापायला जाण्याआधी कॉम्प्युटरवर त्यापुढे 'शेवटची नजर' अशी खूण करावी लागे आणि ती बाईंच्याच नावाने होई. बाईंनी स्वतःचा पासवर्ड मला देऊन ठेवला होता. "मी कधी आजारी पडले तर काम अडायला नको," म्हणाल्या. तो मी कधी वापरेन, असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

बाळंतपणाच्या वॉर्डाचं मॅन्युअल तयार व्हायचं होतं. त्याचं जुनं भाषांतर घाईचं होतं. त्यात आई सगळीकडे 'ती', बाळ सगळीकडे 'तो'. बाईंनी ते ओळीओळीने नीट करायला आठ दिवस मागितले. त्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. "तीन दिवसांनी येते, मग बसू. तोवर हात लावू नका," असं मला बजावून त्या रजेवर गेल्या. दवाखान्यांना मात्र मॅन्युअल त्याच आठवड्यात हवं होतं. आणि ते वेळेत गेलं, तर नव्या विभागाचा प्रमुख म्हणून माझं नाव पुढे होतं.

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ते करून टाकलं. शोधा आणि बदला. जिथे जिथे 'तिला' आणि 'त्याला' होतं, तिथे 'रुग्णाला'. जिथे 'तिच्या' आणि 'त्याच्या', तिथे 'रुग्णाच्या'. बाईंचं आठ दिवसांचं काम मी चहा निवायच्या आत संपवलं, आणि खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटलं. शोभा चहाचा कप न्यायला आली होती. तिला एक पान वाचून दाखवावं, असं मनात आलंसुद्धा. पण मी बाईंच्या पासवर्डने आत गेलो आणि सगळ्या पानांपुढे त्यांच्या नावाची खूण केली.

मूळ वाक्य होतं, 'तिला दिलेल्या औषधाची नोंद तिच्या पानावर करा आणि त्याला दिलेल्या औषधाची त्याच्या पानावर.' वाक्य वाईट होतं, पण आई कोण आणि बाळ कोण ते कळत होतं. माझ्या हातून गेल्यावर ते झालं, 'रुग्णाला दिलेल्या औषधाची नोंद रुग्णाच्या पानावर करा आणि रुग्णाला दिलेल्या औषधाची रुग्णाच्या पानावर.' महिनाभराने एका दवाखान्यात नव्याने लागलेल्या नर्सने आईच्या इंजेक्शनची नोंद बाळाच्या पानावर केली. पुढच्या पाळीच्या नर्सला शंका आली, तिने विचारलं, म्हणून पुढचा अनर्थ टळला. बाळाला काही झालं नाही. पण त्या नव्या मुलीला बोलणी खावी लागली आणि तक्रार आमच्याकडे आली.

मीटिंग भरली. साहेबांनी विचारलं, "शेवटची नजर कोणाची?" कोणीतरी ते पान पडद्यावर लावलं. बाईंचं नाव होतं. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "बाई, डोळ्यांना दिसत नव्हतं तर आधी सांगायचं ना." आणि मागून कोणीतरी पुटपुटलं, "ह्या बाप्या-बाईच्या खुळापायी एखादं लेकरू गेलं असतं."

बाईंनी ऑपरेशननंतरचा काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. शोभा अडली की त्या जशा थांबायच्या, तशाच थांबल्या, मान किंचित कलती करून. मी माऊसची वायर बोटाला गुंडाळत राहिलो. मग त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे." पंधरवड्यात त्यांना 'आता आराम करा' असं सांगण्यात आलं. जुना मजकूर परत लावला गेला आणि डॉक्टर पुन्हा दाढी करू लागला. मी विभागप्रमुख झालो.

दीड वर्ष मी अंबरपेठेकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी गेलो. बाई शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बसा तर आधी. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या मीटिंगपासून. खुणेपुढे वेळ दिसत होती ना, मंगळवार दुपारची. मंगळवारी दुपारी माझ्या डोळ्यावर पट्टी होती आणि हे मला भात भरवत होते." त्यांनी आत बसलेल्या काकांकडे बोट केलं. "पासवर्ड तुमच्याशिवाय कोणाकडे होता?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मीटिंगमध्ये थांबले. जिन्यापाशी थांबले. मग घरी फोन वाजला की वाटायचं, पुणेकर असतील." त्यांनी एक शेंग फोडली. "नोकरीचं जाऊ द्या हो. पण कोणाचं तरी लेकरू माझ्या कामापायी मरता मरता वाचलं, असं माझ्या नावावर आहे तिथे. ते नक्को मला. तेवढं पुसा."

मी पत्र लिहायचं कबूल केलं आणि पुढच्या रविवारी मसुदा घेऊन गेलो. वाचून दाखवा, म्हणाल्या. मी वाचलं, 'घाईगडबडीत मजकुरात काही बदल केले गेले व नजरचुकीने बाईंच्या नावाने खूण केली गेली.' त्या थांबल्या.

"कोणी केली?"

"मी."

"मग इथे कुठे आहात तुम्ही? बाप्या-बाई काढा म्हटलं होतं मी. माणूस काढा नव्हतं म्हटलं." आणि त्या हसल्या. मला वाटतं, त्यांनी मला तेव्हाच माफ केलं होतं. आणि त्याचाच मी फायदा घेतला. आज लिहितो, उद्या लिहितो, असं करत पाच महिने काढले. एका शब्दासाठी. तो शब्द लिहिला की माझी खुर्ची जाईल, अशी भीती होती.

एका सकाळी भाजी निवडता निवडता बाई गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं.

चौदाव्यानंतर मी नवं पत्र घेऊन काकांकडे गेलो. त्यांना कमी ऐकू येतं. मी वाचायला लागलो तशी ते म्हणाले, "जोरात वाचा. ही जोरातच वाचायची." मी जोरात वाचलं, 'हे बदल मी केले. बाई रजेवर असताना त्यांच्या नावाची खूण मी केली. त्यांनी ते पान पाहिलेलं नव्हतं.' काकांनी कानामागे हात धरला. "पुन्हा." मी पुन्हा वाचलं, त्याहून मोठ्याने. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली. काकांनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "हौ. आता पाठवा."

मी पाठवलं. साहेबांना, आणि त्या दवाखान्यालाही. खुर्ची गेली नाही. तीन आठवड्यांनी माझ्या खोलीपासून चार दारं सोडून असलेल्या, नोंदी सांभाळणाऱ्या विभागातून उत्तर आलं, एका ओळीचं. मी कॉम्प्युटरवर पाहिलं, बाईंचं नाव त्या खुणेपुढे तसंच आहे.

ते उत्तर घेऊन मी चहाच्या खोलीत गेलो. शोभाला आधी माझं पत्र वाचून दाखवलं. तिने गॅस बारीक केला. मग उत्तर वाचलं, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.'

"घेतली म्हणजे?" शोभा म्हणाली. "कोणी घेतली? आन् बाईंचं नाव पुसलं का?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. तिने गाळणी खाली ठेवली आणि मान किंचित कलती करून माझ्याकडे बघत थांबली.

"विचारून येतो," मी म्हटलं, आणि कागद घेऊन त्या चार दारांपलीकडच्या खोलीकडे निघालो.