विसण कमी पडलं

सोलापूरहून गाडी दादरला लागली, तेव्हा स्टेशनाबाहेर ट्राम नव्हती की टॅक्सी. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून मी परळपर्यंत चालत गेलो. भिंतींवरच्या घोषणांचा गेरू अजून ओला होता.

आमच्या कारखान्यानं एका गिरणीच्या रंगखात्याला वाफ-पाण्याचा व्हॉल्व्ह विकला होता. एका अंगानं वाफ येते, दुसऱ्या अंगानं गार पाणी, आणि नळीतून कोमट पाणी उतरतं. घरी कढत पाण्याला आपण विसण घालतो, तेच काम. तक्रार अशी, की मधूनच पाणी उकळतं येतं.

गिरणीत मॅनेजर, बॉयलरवाले आणि पहारेकरी तेवढे हजर. मी जाळी साफ केली, वाफेचा दाब पाहिला, थर्मामीटर धरला. काटा जागचा हलेना.

"सायेब, तुमाला बघून शाना झाला तो," पहारेकरी म्हणाला.

मॅनेजरांना 'ठीक आहे' सांगून मी गिरगावात मावसभावाकडे मुक्कामाला गेलो. अर्ध्या दारानं चाललेल्या खाणावळीत आम्ही सुरमई खाल्ली. "सोलापूरकर, काटे जपून हां," मालक म्हणाला. मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. मी निरोप घ्यायला गेलो, तोच पाळी सुटल्याचा भोंगा झाला. माणसं रांगेनं नळांवर हातपाय धुऊ लागली, आणि रंगखात्यातून ओरडणं ऐकू आलं. नळी धरलेल्या धोंडू नावाच्या कामगाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

मला तिथल्या तिथे कळलं. गार पाण्याची लाइन एकच. सगळे नळ उघडले की व्हॉल्व्हला विसण कमी पडतं, नुसती वाफ येते. मी तपासणी केली ती कुणीच हात धुतले नाहीत त्या दिवशी.

"काल ठीक होता ना?" मॅनेजरांनी विचारलं.

"काल ठीक होता."

"मग ह्यानंच वाफेचा कॉक जास्त फिरवला."

मी पाण्याच्या लाइनची लांबी मोजायला लागलो. धोंडूला कामावरून काढलं. 'जादा खबरदारी' म्हणत मी व्हॉल्व्हसाठी गार पाण्याची वेगळी लाइन टाकून दिली.

निघायच्या दिवशी लालबागला त्याच्या खोलीवर गेलो. हात फडक्यात गुंडाळलेले.

"तुमी इलास (आलात), ह्याच खूप झाला," तो म्हणाला. "माझोच हात चुकलो आसतलो, सायबानू. तुमी तपासलेलो व्हॉल्व्ह."

बायको चहा ठेवत म्हणाली, "आता आंगोळीच्या पाण्यात पण माका आधी हात घालूक सांगतत. ह्यांका स्वतःचोच भरवसो नाय."

मी चहा प्यायलो, बरं वाटेल म्हणालो, आणि संध्याकाळच्या गाडीला बसलो. सोलापुरात मालकांना सांगितलं, व्हॉल्व्हमध्ये दोष नव्हता. ते खरंही होतं.

प्रवासात पाहिलेलं लिहावं, असा रिवाज आहे. मी न बोललेलं लिहितो आहे. धोंडूचा हात चुकला नव्हता. मी भरल्या पाळीत तपासायला हवं होतं. एवढी दोन वाक्यं लालबागच्या त्या खोलीत चहा निवायच्या आत सांगून झाली असती.