मयेकर मॅडमच्या ओळी पुसायची परवानगी आहे

मयेकर मॅडमची नोटबुक मी लॉक करणार नाही.

आज विभागप्रमुखांना हे तोंडावर सांगितलं. इथेही लिहून ठेवते.

मॅडमना जाऊन आज वर्ष झालं. परळच्या आमच्या कॉलेजात त्या स्टॅटिस्टिक्स शिकवायच्या. नोटबुक म्हणजे कॉम्प्युटरवरची. कोड लिहायचा, रन करायचा, उत्तर तिथेच खाली दिसतं.

आधी प्रत्येकाची नोटबुक वेगळी होती. ज्याचं अडायचं तो गप्प बसून राहायचा. कोणाला कळायचंही नाही.

मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना एकाच पानावर आण. जमेल?"

मी शेवटच्या वर्षाला होते. जमवलं. सगळा वर्ग एकाच नोटबुकमध्ये, एकाच वेळी लिहिणार. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, त्यावर त्याचं नाव.

पहिल्याच तासाला राडा.

प्रत्येकाने आपल्या आकड्यांच्या टेबलचं नाव 'डेटा' ठेवलं होतं. जो शेवटी रन करेल, त्याचाच डेटा सगळ्यांना.

"कोणी रे माझा डेटा उडवला?"

"तुझा कुठला? माझाय तो!"

"अरे, मी दादरचं तापमान टाकलेलं. हे कांद्याचे भाव कुठून आले?"

मॅडम खुर्चीत बसून हसत होत्या. मग त्यांनी एक नियम केला. दुसऱ्याची ओळ बदलायची किंवा पुसायची, तर उभं राहायचं आणि कारण मोठ्याने सांगायचं.

त्यांच्या ओळींनाही तोच नियम.

प्रणाली नावाची मुलगी होती, कॉटन ग्रीनची. तोपर्यंत वर्गात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. एक दिवस ती उभी राहिली.

"मॅडम, तुमची ओळ पुसायची आहे. रिकाम्या जागा तुम्ही शून्य धरल्यात. सरासरी खाली येतेय."



मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं आणि थेट घरच्या मालवणीत म्हणाल्या, "मगे थांबलंस कित्याक? पूस गो!"

विभागप्रमुख तेव्हाही म्हणायचे, "ही तर सामूहिक कॉपी आहे."

मॅडम म्हणायच्या, "सर, कॉपी लपून करतात. इथे कोणी काय लिहिलं ते नावासकट दिसतं."

आज फोटोला हार घालून झाल्यावर सर मला म्हणाले, "नोटबुक आता फक्त वाचण्यापुरती ठेवू. मॅडमची स्मृती म्हणून. मुलं यापुढे आपापल्या फाइल जमा करतील. आजच लॉक कर."

"नाही करणार, सर."

"तू आता इथली स्टुडंट नाहीस."

"नाही. पण सिस्टीम मी सांभाळते. म्हणून तर मला सांगताय."

"उद्या त्यांच्या ओळी कोणीतरी पुसून टाकेल. चालेल तुला?"

"मॅडमना चालायचं."



नोटबुकचा सर्व्हर कॉलेजचा आहे. बंद करायचा अधिकार सरांचा आहे. तो त्यांनी स्वतःच्या हाताने वापरावा. मॅडमच्या स्मृतीचं कारण देऊन माझ्याकडून करून घेऊ नये.

बंद केलाच, तर नोटबुकची पूर्ण प्रत माझ्याकडे आहे. भोईवाड्याला मॅडमच्या मिस्टरांना फोन केला होता. म्हणाले, "बाहेरची खोली रिकामीच असते. मुलांना घेऊन ये."

फर्स्ट इयरची मुलं विचारतायत, सोमवारचं काय?

सोमवारी तास आहे. एडिट सगळ्यांना चालू आहे.

मॅडम, तुम्ही गेलात, एवढं मी मान्य केलंय. त्याहून जास्त काही मान्य करणार नाही.

नमस्कार.