शब्द येईपर्यंत

शेफालीचा फोन सकाळी आला. मी गॅलरीत पेपर उघडून बसलो होतो, आत माझी बायको मीना पोहे भिजवत होती. शेफाली म्हणजे मालूताईंकडे दिवसरात्र राहणारी, त्यांना ‘माशिमा’ म्हणजे मावशी म्हणणारी आया. ती सहसा मला फोन करत नसे, आणि केलाच तर भरभर बंगालीत सगळं सांगून मोकळी होई. त्या दिवशी ती फक्त ‘माशिमा’ म्हणाली आणि थांबली. खाली रस्त्यावर रिक्षाचा भोंगा वाजत होता, तो वाजून संपला, तरी दोघंही गप्पच होतो... मग मीना हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून खुर्चीवर बसली.

मालूताई गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहावं असं इथल्या मराठी मंडळातल्या दोघा-तिघांनी सुचवलं तेव्हा मी टाळाटाळ केली. त्याचं कारण शेवटी येईल.

मालूताई लग्न होऊन कोलकात्याला आल्या. यजमान केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात होते. आम्हा बदलीवाल्यांची घरं जशी असतात, तसंच तेही घर बांधाबांधीच्या खोक्यांसकट मांडलेलं होतं. पण मालूताईंना इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि ती खोकी पुन्हा भरली गेलीच नाहीत. यजमान गेल्यावर मुलानं, निखिलनं, हैदराबादला चल म्हणून फार आग्रह केला. “इथल्या लोकांशी भांडायची सवय झालीय, आता तिथे नव्यानं कोणाशी ओळख काढून भांडू?” असं म्हणून त्या डमडमच्या फ्लॅटमध्येच राहिल्या.

माझी त्यांची ओळख गणपतीतल्या नाटकामुळे झाली. मी बँकेतला अधिकारी, बदलीवर नुकताच आलेलो. चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. बैठकीत वरिष्ठांनी साधा प्रश्न विचारला तरी उत्तर ठाऊक असूनही मी आधी ‘सॉरी सर’ म्हणून मोकळा होत असे. मीनानं मला न विचारता मंडळाच्या नाटकात माझं नाव दिलं. मंडळातल्याच एकानं लिहिलेलं कौटुंबिक नाटक होतं आणि माझ्या वाट्याला घरमालकाची चार वाक्यं आली होती. निम्मी पात्रं म्हणजे इथेच वाढलेली मुलं. एका मुलीनं तर आपली मराठी वाक्यं बंगाली अक्षरांत लिहून घेतली होती. अशा नाटकाचा सगळा भार प्रॉम्प्टरवर असतो, आणि प्रॉम्प्टर वर्षानुवर्षं मालूताईच होत्या. विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

दुसऱ्याच वाक्याला मी कोरा झालो. डोक्यात नुसतं पांढरं. समोर अख्खं मंडळ, पहिल्या रांगेत मीना. मी विंगेकडे पाहिलं. मालूताईंचं बोट संहितेत बरोबर माझ्या वाक्यावर होतं, ते मला तिथूनही दिसत होतं, आणि त्या ओठ मिटून बसल्या होत्या. मग कुठूनसं ते वाक्य आलं, आणि त्याच्या मागोमाग उरलेली दोनही आली.

पडदा पडल्यावर मी तणतणतच त्यांच्याकडे गेलो. “मालूताई, तुम्हाला डुलकी लागली होती का?”

“अहो दातारसाहेब, शोधणारा माणूस कोणाकडेच बघत नाही,” त्या म्हणाल्या. हातातल्या बशीतला एक बटाटावडा त्यांनी मला दिला. “तुम्ही माझ्याकडे बघितलंत खरं, पण लगेच नजर पलीकडे गेली. शोधत होतात तुम्ही. शोधणाऱ्याला मी शब्द देत नाही. ज्यानं शोधणं सोडलं, तो माझ्याकडेच बघत राहतो. त्याला लगेच देते.”

“आणि नसता आला तर?”

“तर लाज गेली असती. ती काय, पुढच्या गणपतीला परत येते.”

या एका वाक्यासाठी मी त्यांच्यावर बरेच दिवस रागावलो होतो. पुढे त्यांच्या घरी जाणंयेणं वाढलं तेव्हा त्यांच्या त्या गप्प बसण्यामागचा विचार हळूहळू उलगडला. भीती वाटली की मेंदू सगळा संकटाच्या मागे धावतो, आठवणीकडे लक्ष द्यायला त्याला फुरसत नसते, असं त्या सांगत. शब्द हरवलेला नसतो, फक्त त्याच्यापर्यंतची वाट अंधारात जाते. ती वाट आपण स्वतः चालून गेलो तर पुढच्या वेळी थोडी सोपी होते. कोणी शब्द हातात आणून दिला तर काम भागतं, पण वाट तशीच गवतात राहते. म्हणून त्या नाटकानंतर कोणालाही ‘छान झालं’ म्हणत नसत. मेंदूचा कौतुकावर विश्वास नसतो, त्याला पुरावा लागतो, असं त्यांचं मत. अडखळून सावरलेल्या पोरांना त्या एवढंच विचारत, “कुठे सापडलं रे?” आणि मुलं खरंच आठवून सांगत. कोणी म्हणे समोरच्याच्या चपलेकडे बघताना, कोणी म्हणे श्वास सोडताना.

माझ्यात एका रात्रीत काही बदल झाला नाही. पुढच्या वर्षी मी दोनदा अडलो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पण बँकेच्या बैठकीत एकदा प्रश्न आला, उत्तर सुचेना, आणि मी ‘सॉरी’ न म्हणता नुसता उभा राहिलो. ती शांतता मला ओळखीची वाटली. मी तिच्यात आधी राहून आलो होतो. मालूताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “शब्द येईलच ही खात्री कोणालाच नसते हो. तो येईपर्यंत उभं राहता येतं, एवढं ज्याला स्वतःबद्दल कळलं त्याला लोक आत्मविश्वास म्हणतात.” निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. त्याला बरीच कारणं होती, त्यातलं एक डमडमला राहत होतं.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. पेपर समोर धरला तर नजर ओळींवरून सरकायची, विनोदावर ओठ हलायचे, पण बोलायला गेल्या की नुसता श्वास यायचा. ज्या बाईनं आयुष्यभर इंग्रजीत आणि बंगालीत वर्ग घेतले आणि मराठीत आम्हाला सांभाळलं, तिच्याकडे तिन्हींतला एकही शब्द नव्हता.

निखिल हैदराबादहून रजा टाकून आला. मुलगा गुणी. आईनं तोंड उघडलं रे उघडलं की तो पुढे वाकायचा. पाणी? उशी? चहा हवाय, आई? पंखा लावू? ... आणि मालूताई कशाला तरी होकाराची मान हलवायच्या. मी आठवडाभर हे बघत होतो. एकदा त्यांनी ‘चहा’ला मान हलवली, शेफालीनं चहा आणला, आणि त्या तो न आवडलेलं औषध घ्यावं तसा घोट घोट प्यायल्या. त्यांना चहा नको होता. जो शब्द आधी येईल त्याला त्या हो म्हणत होत्या. शेवटचा घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बघतच राहिल्या. ती नजर मला ठाऊक होती. शोधायला वेळच मिळत नसल्यानं त्यांनी शोधणं सोडलं होतं.

मी निखिलला गॅलरीत नेऊन म्हटलं, थोडं थांबत जा, तिला शोधू दे. तो इथेच वाढलेला, माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा. त्या दिवशी मात्र मराठीत बोलला. “काका, ते नाटक होतं. ही माझी आई आहे. तिला तडफडताना मी बघत बसू?”

मी आत येऊन बसलो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्याची रजा संपली. स्पीच थेरपिस्ट येत होती, ती चांगली होती, पण तिला मराठी येत नव्हतं, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी मी मेट्रोनं डमडमला जाऊ लागलो. शेफालीला मी समजावून सांगितलं की गुरुवारी माशिमांना काही विचारायचं नाही. तिला ते क्रूर वाटलं असणार, ती स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची. पहिले काही गुरुवार काहीच झालं नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, डोक्यावरून विमानं विमानतळाकडे उतरत जायची. मालूताई माझ्याकडे बघत राहायच्या आणि मी, मन घट्ट करून, खिडकीबाहेर. मग एका संध्याकाळी त्यांची नजर माझ्यावरून निघाली. छताकडे गेली, पडद्याकडे गेली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मला शब्द कळला होता, तो माझ्या दातांपर्यंत आला होता. मी तो गिळला. भांड्यांचा आवाज थांबला होता, शेफाली दारात येऊन उभी होती.

“खिड... की,” मालूताई म्हणाल्या.

शेफालीनं धावत जाऊन खिडकी लावली. वारा येत होता, एवढंच. मी विचारलं, “कुठे सापडली?” आणि त्या हसल्या. चेहरा अर्धाच हसत होता, पण तो कॉलेजातल्या बाईंचाच चेहरा होता.

त्यानंतर शब्द येऊ लागले, काही मराठी, काही बंगाली. चुकीचेही यायचे. केळी म्हणायचं असताना भलतंच काही निघायचं, पण त्या मागे हटत नसत. हात वर करून आम्हाला गप्प करायच्या आणि पुन्हा शोधायला निघायच्या. शेफाली त्यांना गल्लीत न्यायची आणि फळवाल्यापासून चार पावलं मागे थांबायची. मी न सांगता. फळवालाही थांबायचा म्हणे. निखिलशी त्या फोनवर दोन शब्द बोलल्या तेव्हा तो पलीकडे रडला, हे शेफालीनं मला सांगितलं.

शेवटच्या गुरुवारी त्या थकलेल्या दिसत होत्या. मी निघायला उठलो तर त्यांनी डाव्या हातानं मला बसवलं. काहीतरी मोठं सांगायचं होतं, एका शब्दाचं नव्हतं. “त्याला...” म्हणाल्या आणि थांबल्या. निखिलला, एवढं मला कळलं. नजर खिडकीकडे गेली, दाराकडे गेली, बराच वेळ शोधत राहिली. शेवटी माझ्यावर येऊन स्थिरावली. त्यांच्याच नियमानं आता मी शब्द द्यायला हवा होता. पण विंगेत बसलेल्या मालूताईंच्या मांडीवर संहिता असायची. माझ्याकडे काही नव्हतं. कुठला शब्द देऊ? त्यांनी तळवा हलवला. ‘राहू दे’ असेल, ‘पुढच्या वेळी’ असेल. मी पुढच्या वेळी असं धरलं आणि निघालो. रविवारी पहाटे झोपेतच दुसरा झटका आला.

दिवसकार्य झाल्यावर निखिल फ्लॅट आवरायला थांबला होता. मी गेलो तर पुस्तकांचे गठ्ठे जमिनीवर, भिंतीवर काढून घेतलेल्या फोटोंचे चौकोन. ‘त्याला’ एवढ्यापर्यंतचं सगळं मी त्याला सांगितलं, लपवण्यासारखं काही नव्हतं. तो बराच वेळ गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळत बसला.

“काका, पुढे काय होतं ते? काय सांगायचं होतं तिला मला?”

माझ्याजवळ उत्तरं खूप होती. त्याला सांगा माझी काळजी करू नको. त्याला सांगा तू खूप केलंस. यातलं कुठलंही त्यानं घेतलं असतं आणि जन्मभर जपलं असतं, आणि कदाचित ते खरंही असेल. माणूस गेल्यावर त्याच्या तोंडी चांगले शब्द घालणं फार सोपं असतं. असा लेख लिहिताना तर प्रत्येक ओळीला तो मोह होतो, म्हणूनच मी टाळत होतो. जी बाई हातात शब्द असून गप्प बसायला शिकली होती, तिच्या नावावर मी न ऐकलेला शब्द कसा लिहू?

“मला माहीत नाही रे,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याची नजर सुटली आणि रिकाम्या फडताळावर, खिडकीवर, दारात उभ्या शेफालीवर फिरत राहिली.

“मग थांबू या ना थोडं, काका,” तो म्हणाला.

शेफालीनं दिवा लावला नाही. आम्ही तिघंही त्या खोलीत बसून राहिलो.