गौताळ्याच्या पॉइंटवर ऐकलेली हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे सांगून उपयोग नाही, असे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण तेच सांगतो. माझं वेगळं एवढंच, की संशय घेणं हा माझा धंदा आहे. गाड्यांच्या अपघाताचे विमा क्लेम तपासतो मी. माणूस काय सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि बंपर काय सांगतो ते बघायचं. त्यामुळे हे लिहिताना मीच माझा क्लेम तपासतोय असं वाटतंय...

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मी, बायको मीनल आणि माझे वडील असे तिघं गौताळ्याच्या जंगलात गेलो होतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आमचं मूळ गाव तिकडचंच, पिशोर; आता राहायला शहरात, मुकुंदवाडीत. आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडे असतात, पण शहरात त्यांचा जीव रमत नाही. "एकदा गौताळ्याच्या त्या वरच्या पॉइंटवर नेऊन आण, लई वर्षं झाली," म्हणून मागंच लागले होते.

चौकीपाशी गाडी लावली. तिथला वनमजूर म्हणाला, "सकाळपासून तुमचीच गाडी हाय. वाट एकच, जायला बी अन् यायला बी." सागाची पानं वाळून पडलेली, पाय टाकला की चुरचुर आवाज. अण्णा बसत-उठत चढले, पण चढले. ऊन तापायच्या आत आम्ही वर पॉइंटच्या कठड्याशी होतो.

मीनल भाकरीचा डबा सोडत होती. अण्णा कठड्याला रेलून खाली बघत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं माझ्यापेक्षा बरं दिसतं.

"सचिन, ती मीनल हाय का रे?"

मी हसलो. मीनल माझ्या शेजारीच होती.

खाली वाटेच्या वळणावर, जिथं झाडी विरळ होते, तिथं दोघं उभे होते. बाईच्या डोक्याला पिवळी ओढणी, मीनलसारखीच. माणसाचं जर्किन माझ्यासारखं लाल. असेल एखादं जोडपं... असली जर्किनं बाजारात ढिगानं मिळतात. मी मोबाइलचा कॅमेरा झूम केला. तो माणूस डावा पाय ओढत दोन पावलं चालला. मी तसाच चालतो, गुडघ्यामुळे. मग तो वळला आणि चेहरा दिसला — माझा. फोटो का नाही काढला, विचाराल. मीही क्लेमवाल्यांना हेच विचारतो.

मीनलनं मोबाइल घेतला, बघितलं आणि माझ्या हातात परत दिला.

"तुम्ही दोघं तर हायेत," अण्णा म्हणाले. "मी कुठंय?"

तेवढ्यात खालच्या माणसानं तोंडाशी हात धरून हाक मारली.

"अण्णाऽऽ..."

आवाज माझा होता. पण घसा बसलेला, बराच वेळ ओरडून दमलेला, रडवेला. ती बाई झुडपं बाजूला सारत खाली वाकून बघत होती.

अण्णांनी सवयीनं ओ द्यायला तोंड उघडलं. मीनलनं त्यांच्या तोंडावर हात दाबला. एरवी अण्णांसमोर मान वर करून न बोलणारी बाई! पुन्हा हाक आली. मग आणखी एक, जरा लांबून. मग नुसती पानं वाजत राहिली.

डबा तसाच बांधला आणि अण्णांना मधे धरून उतरलो. वाटेत कुणीच भेटलं नाही. चौकीवरचा तो वनमजूर धावत आला.

"सापडले का? बरं झालं. मी रेंज बघत होतो फोन लावायला."

"कोण सापडलं?"

"काहून चेष्टा करता, साहेब? तुम्ही अन् ताई आत्ताच पळत आले ना! म्हणले, वडील सापडनात. मी फोन काढंस्तोवर परत वर गेले."

मला पहिला संशय त्याचाच आला. उलटसुलट प्रश्न विचारले. जर्किन कुठलं? लाल. चालत कसे होते? "लंगडत होते की, आता लंगडताय तसं." दुसरी गाडी? नाही. आम्हाला बनवून त्याला काय मिळणार होतं, तेही कळेना. उलट तोच आमच्याकडे संशयानं बघायला लागला.

नंतर मी एका मित्राला घेऊन परत गेलो. त्याला त्या वळणावर उभं केलं आणि ओरडायला लावलं. वर कठड्याशी नुसता अस्पष्ट आवाज आला, शब्द कळले नाहीत. त्या दिवशी मात्र स्वच्छ कळले होते.

अण्णा ठणठणीत आहेत. मीनल त्यांना दूध आणायलासुद्धा एकटं सोडत नाही, ते चिडतात. आपण त्यांना वाचवलं असं तिला वाटतं. कशापासून, ते तिलाही सांगता येत नाही. मी अजून हा क्लेम पास केलेला नाही, आणि नाकारताही येत नाही.

परवा चहा पिताना अण्णा आपणहून म्हणाले, "आवाज लई थकला होता रे. एक ओ द्यायला पायजे होता मी."

"कुणाला, अण्णा?"

"तुलाच की," ते म्हणाले, आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठले.